डिमेन्शिया झालेल्या माणसाची काळजी घरात वाटून कशी घ्यावी?

सांजसावली

माझ्या सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या डिमेन्शियाचा एक प्रकार, असल्याचे निदान होऊन काही वर्षे झाली. त्या आमच्याकडे राहतात. थोरले दीर दुसऱ्या शहरात आहेत, नणंद त्या मानाने जवळ आहे, आणि दोघांचाही आईंवर जीव आहे हे मी आधीच सांगून ठेवते, कारण कोणाविषयी गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. लवकरच आम्ही सगळे एकत्र बसून त्यांच्या देखभालीची नव्याने वाटणी करणार आहोत. त्या बैठकीपूर्वी, ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे म्हणणे ऐकावे असे वाटते.

आजवरची पद्धत अशी की बहुतेक सगळे मी आणि माझे यजमान करतो आणि बाकीचे 'काही लागले तर सांगा' असे म्हणतात. ते अगदी मनापासून म्हणतात. परंतु काय लागणार आहे हे आधी ओळखायचे, ते कोणाला जमेल याचा विचार करायचा, त्यांची सोय पाहून फोन करायचा आणि काम झाले की नाही याची पुन्हा चौकशी करायची, हे सगळे मदत मागणाऱ्याकडेच राहते. हाताने कराव्या लागणाऱ्या कामापेक्षा मला या सततच्या लक्ष ठेवण्याचा शीण अधिक येतो. रात्री त्यांनी दाराची कडी काढली तर मला जाग येईल ना, डबीत आठवड्याच्या गोळ्या भरल्या का, कालपासून त्या पाणी पुरेसे प्यायल्या आहेत का, अशी उजळणी डोक्यात अखंड चालू असते, आणि मी घराबाहेर पडले तरी ती माझ्याबरोबर येते.

दुसरी अडचण अशी की आईंना कसे सांभाळायचे याची माहिती माझ्याच डोक्यात साठत गेली आहे. आंघोळीचे उदाहरण देते. त्यांच्या डोक्यावर एकदम पाणी घेतले तर त्या घाबरतात आणि हात झटकतात. आधी पावलांवर पाणी घ्यायचे, मग हातांवर, खांद्यांवर टॉवेल तसाच ठेवायचा, साबण त्यांच्याच हातात द्यायचा आणि 'आता पाठ धुऊ या' असे एकेक पाऊल आधी सांगून मग करायचे, म्हणजे सगळे शांतपणे पार पडते. नणंदेला हे ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते. तिने नेहमीच्या रीतीने आंघोळ घालायला घेतली, आई ओरडल्या, तिला रडू आले आणि 'वहिनी, त्यांना तुझ्याच हातची सवय आहे' असे ठरून ते काम पुन्हा माझ्याकडे आले. अशी एकेक कामे परत येत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीची काळजी घेणारे कुटुंबीय आणि स्नेही त्यासाठी दिवसाला सरासरी ५ तास देत होते, आणि या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. तासांची वाटणी कागदावर करता येईल. लक्ष ठेवण्याची आणि माहितीची वाटणी तुम्ही कशी केलीत, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दूरस्थ

सांजसावली, मी तुमच्या थोरल्या दिरांच्या जागी आहे. आई धाकट्या भावाकडे राहते आणि मला तिकडे वर्षातून मोजक्याच वेळा जाता येते. पैसे मी पाठवत होतोच. आमच्या घरात खरा बदल झाला तो भावजयीच्या एका मागणीमुळे. ती म्हणाली, 'दादा, मला मदत नको, माझ्या डोक्यातली एक-दोन खाती पूर्णपणे काढून घेऊन जा.'

तेव्हापासून औषधे आणि कागदपत्रे ही दोन खाती माझी आहेत. औषधांचे खाते म्हणजे फक्त औषधांचा खर्च देणे नव्हे. आई कोणत्या गोळ्या कोणत्या वेळी घेते, त्या कधी संपतील, मात्रा कधी आणि कोणी बदलली, डॉक्टरांची पुढची भेट कधी आहे, त्या दिवशी बरोबर कोण जाणार, हे सगळे माझ्याकडे असते. औषधे संपण्याआधी घरी पोहोचलेली असतात. भेटीच्या आदल्या दिवशी मी भाऊ आणि भावजय या दोघांशी बोलून गेल्या काही आठवड्यांतील बदल एका पानावर लिहितो आणि ते पान डॉक्टरांना देण्याची व्यवस्था करतो, कारण प्रत्यक्ष भेटीत आईसमोर 'हिला हल्ली कपडे ओले झालेले कळत नाही' असे बोलणे भावाला जड जाते, आणि आईलाही ते ऐकावे लागू नये. आमचा एकच नियम आहे: या दोन खात्यांविषयी मला कोणी आठवण करून द्यायची नाही. आठवण करून द्यावी लागली, तर ते खाते अजून त्यांच्याच डोक्यात आहे असा त्याचा अर्थ होतो.

दुसरे काम दिवेलागणीच्या वेळचे आहे. अनेक रुग्णांप्रमाणे आईचीही अस्वस्थता संध्याकाळी वाढते, ती येरझाऱ्या घालते आणि स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचे आहे' असे म्हणत राहते. त्या वेळेस मी रोज व्हिडिओ कॉल करीत असे. तिच्या शाळेच्या, तिच्या भावंडांच्या गोष्टी काढल्या की ती रमत असे आणि भावजयीला तेवढा वेळ मोकळा मिळे. पुढे पडद्यावरचा माणूस आणि आवाज यांचा मेळ तिला लागेनासा झाला आणि कॉलनेच ती गोंधळू लागली. मग मी त्या वेळेपुरती एक मदतनीस ठेवली. तिला शोधणे, तिची रजा आणि बदली व्यवस्था, तिचा पगार हे सगळे दुरून मीच पाहतो. सांगायचे इतकेच की दूर राहणाऱ्याला करता येण्याजोगे बरेच असते, फक्त आजार पुढे सरकला की ते काम बदलते आणि त्याने ते स्वतःहून बदलायला हवे.

पाणवठा

माझ्या वडिलांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे. या प्रकारात रुग्णाची सावधपणाची पातळी एकाच दिवसात, कधी कधी तासातासाला वर-खाली होते, आणि नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसतात. आमच्याकडे वाटणीत सर्वांत मोठा अडसर ठरला तो वडिलांच्या 'चांगल्या' तासांचा. भाऊ भेटायला आला की वडील नीट बसत, त्याच्या कामाची चौकशी करीत, जुने किस्से सांगत. भाऊ परत जाताना आईला म्हणे, 'तू उगाच काळजी करतेस, बाबा तर ठणठणीत आहेत.' पाहुण्यासमोर रुग्ण सारे बळ एकवटून सावरून बसतो आणि तो गेल्यावर पार थकून जातो, हे डिमेन्शियाच्या सगळ्याच प्रकारांत थोड्याफार फरकाने दिसते. भेटीला येणाऱ्याला त्यामुळे दोष देता येत नाही. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो.

यावर वाद घालून काही साधले नाही. साधले ते भावाने एकट्याने रात्री काढल्यावर. मी आणि आई मुद्दाम घराबाहेर राहिलो. आम्ही घरात असतो तर वडिलांना काही लागताच आम्ही आधी उठलो असतो आणि भाऊ झोपूनच राहिला असता. पहाटे वडील त्याला कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलांविषयी विचारत होते, आणि त्या मुलांना अंथरूण घालून दे असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या दिवशी भावाने मला फोन केला तो 'पुढचा शनिवार-रविवार पुन्हा मी येतो' हे सांगायला. तेव्हापासून त्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. म्हणून माझे ठाम मत असे, की बैठकीच्या आधीच प्रत्येक भावंडाने किमान एक पूर्ण दिवस आणि रात्र रुग्णासोबत एकट्याने काढावी. त्यानंतरची चर्चा वेगळ्या पातळीवर होते.

माहितीविषयी तुम्ही विचारले आहे. आमच्याकडे एक साधी वही आहे आणि ती वडिलांच्या खोलीतून बाहेर जात नाही. पहिल्या पानावर आजाराचे नाव, सर्व औषधे आणि लाल अक्षरात एक सूचना आहे: हॅलोपेरिडॉलसारखी अँटिसायकोटिक (भास आणि तीव्र अस्वस्थता यांवर दिली जाणारी) औषधे देण्यापूर्वी आजाराचा प्रकार डॉक्टरांच्या नजरेस आणावा. लेवी बॉडी डिमेन्शियाच्या रुग्णांना अशा औषधांची तीव्र, प्रसंगी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि मध्यरात्री तातडीच्या विभागात वडिलांना घेऊन जाणारी व्यक्ती मी असेन की भाऊ हे आधी सांगता येत नाही. पुढच्या पानांवर रोजच्या नोंदी असतात: झोप, खाणे, पाणी, शौच, आणि वागण्यात काही निराळे दिसले असेल तर ते.

या नोंदींचा उपयोग आम्हाला अगदी अनपेक्षित रीतीने झाला. एकदा वडील दोनच दिवसांत फार गोंधळले, कोणालाच ओळखेनात, दिवसभर ग्लानीत राहू लागले. पाळी बदलल्यामुळे मला वाटले की आजारच वाढला असावा. वही उलटून पाहिली तर भावाच्या नोंदीत पाणी फार कमी गेल्याचे आणि लघवीला सारखे जात असल्याचे लिहिलेले होते. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि उपचारानंतर ते बऱ्याच अंशी पूर्वपदावर आले. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत वाढत नाही. एकाएकी झालेल्या बदलामागे संसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता, न सांगता येणारी वेदना किंवा एखादे नवे औषध असू शकते. पाळीपाळीने काळजी घेणाऱ्यांना हे उशिरा कळण्याचा धोका अधिक असतो, कारण कालचा माणूस आणि आजचा माणूस या दोघांनाही सलग पाहणारे घरात कोणीच नसते.

कवडसा

मी अशा कुटुंबांबरोबर समुपदेशनाचे काम करते. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, कारण त्यांत जे आले आहे त्याला अभ्यासाचाही आधार आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या जोडीदाराची घरी काळजी घेणाऱ्या ४०६ जणांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांतील एका गटाला दोन वैयक्तिक आणि चार कौटुंबिक समुपदेशन बैठका, नंतर आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला, अशी साथ देण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे दीड वर्ष पुढे गेली. सहा बैठकांपैकी चार कुटुंबासाठी होत्या, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छिते. काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या आधाराविषयी त्याचे समाधान वाढणे, रुग्णाच्या वागण्याचा त्याला होणारा त्रास कमी होणे आणि त्याचे नैराश्य कमी होणे, या वाटांनी हा परिणाम बऱ्याच अंशी घडला, असे त्या संशोधकांना आढळले.

'ताण सगळ्यांनाच असतो' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी आणखी दोन गोष्टी सांगते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या आणि इतर स्त्रियांच्या हातावर एकसारखी लहान जखम केली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमधील चार वर्षांतील मृत्यूचा धोका, काळजीचा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ही दुसरी पाहणी केवळ डिमेन्शियापुरती नव्हती, पण ताण न जाणवणाऱ्या काळजीवाहकांमध्ये अशी वाढ दिसली नाही, हे त्यातले महत्त्वाचे आहे. काळजी घेणाऱ्याची प्रकृती हा वाटणीतला एक स्वतंत्र विषय म्हणून बैठकीत मांडावा. सांजसावली, तुमच्या स्वतःच्या तपासण्या कधी झाल्या होत्या, हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याची जबाबदारीही एकाची असली पाहिजे.

बैठकीविषयी एक सूचना करते. पहिला तास वाटणीचा विषयच काढू नका. आजार आज कोणत्या टप्प्यावर आहे, आईंना स्वतःला काय जमते आणि काय जमत नाही, एवढेच सगळ्यांनी मिळून लिहून काढा. मी पाहिलेल्या भांडणांपैकी पुष्कळशी भांडणे कामावरून दिसत असली तरी मुळात ती आजाराविषयीच्या मतभेदातून आलेली असतात. एकाच्या मते आई आता एकटी राहू शकत नाही आणि दुसऱ्याच्या मते राहू शकते. असे असताना पाळ्या ठरवल्या तर त्या फार दिवस टिकत नाहीत.

उंबरठा

तीन भावंडे असली की 'चार-चार महिने प्रत्येकाकडे' हा तोडगा बैठकीत पुढे येतोच, आणि तो वरवर सर्वांत न्याय्य वाटतो. आमच्या आत्याबाबत तो करून पाहिला. आजाराच्या सुरुवातीला तिला घरे बदलण्याचा त्रास झाला नाही, उलट नातवंडांमध्ये ती रमली. मधल्या टप्प्यात मात्र प्रत्येक बदल तिला महाग पडू लागला. आधीच्या घरात झोपेतून उठल्यावर उजवीकडे स्वच्छतागृह होते, म्हणून नव्या घरातही ती उजवीकडे वळे आणि कपाटाचे दार उघडून उभी राही. नवीन खोली ओळखीची व्हायला तिला बरेच आठवडे लागत, आणि ती झाली की पुन्हा सामान बांधण्याची वेळ येई. शेवटी आत्या एका जागी राहिली आणि आत्येभावंडे आलटून पालटून तिथे येऊन राहू लागली. काळजी घेणाऱ्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था गैरसोयीची आहे, नोकऱ्या आणि मुलांच्या शाळा यांची ओढाताण होते, हे मी नाकारत नाही. तरीही रुग्ण मधल्या टप्प्यावर असेल तर माणसांनी हलावे आणि त्याला एका जागी राहू द्यावे, असे मला वाटते.

पाणवठा

उंबरठा, तुमच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडते. ज्यांच्या घरात रुग्ण कायम राहतो त्या घराची वर्षानुवर्षे ओढाताण होते आणि तिथल्या मुलांचे, अभ्यासाचे, पाहुण्यांचे सगळे वेळापत्रक बदलते. म्हणून रुग्णाला न हलवण्याचा निर्णय घेतला, तर त्या घरातील माणसांना बाहेर जाता येईल असे सलग दिवस देणे हा त्याच निर्णयाचा भाग मानावा. दुपारचे दोन तास मोकळे मिळाले तर माणूस तेवढ्यात राहिलेली कामे उरकतो, विश्रांती घेत नाही. सलग काही दिवस आणि रात्री मिळाल्या तरच झोप भरून निघते.

जुनेपान

मी वयस्क आहे आणि माझ्या पत्नीची काळजी घेतो. तिला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. हा प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत राहते, पण स्वभाव, संयम आणि समोरच्याच्या भावनांची जाण बदलत जाते. तिचेही तसेच झाले. मुले जवळ आहेत आणि कर्तव्यदक्ष आहेत. तरीही आमच्याकडे वाटणी व्हायला फार काळ गेला, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे.

ज्याने सर्वाधिक केले आहे, त्याला काम हातावेगळे करणे सर्वांत अवघड जाते. मुलगा तिला फिरायला नेई तेव्हा तो दुसरा रस्ता घेई. सून तिचे केस वेगळ्या पद्धतीने विंचरी. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून 'असे नाही, असे' निघे आणि मग साहजिकच ती दोघे मागे सरत. एके दिवशी मुलगी म्हणाली, 'बाबा, आई तुमची बायको आहे, पण ती आमची आईही आहे.' त्यानंतर मी दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या करायला शिकलो. औषधे, गिळताना ठसका लागू नये म्हणून घ्यायची काळजी, पडू नये म्हणून घ्यायची काळजी आणि दाराचे कुलूप याबाबत सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागायचे. उरलेल्या बाबतीत ज्याची पाळी त्याची पद्धत. पत्नीला दुसऱ्या रस्त्याने फिरून काही अपाय झाला नाही. मुलासोबत ती तिथल्या झाडांची पाने गोळा करते, आणि माझ्यासोबत असताना ती हे कधी करीत नव्हती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती अजून इथे कोणी मांडली नाही. वाटणीच्या चर्चेत ज्या व्यक्तीची काळजी घ्यायची तिलाच आपण वगळतो. निदान लवकर झाले असेल तर तिच्याशी बोलण्यासाठी वेळ असतो. पत्नीने सुरुवातीच्या काळात सांगून ठेवले होते की शरीराची स्वच्छता मुलाने किंवा जावयाने करू नये, ती मुलीने, सुनेने किंवा परक्या परिचारिकेने केली तर चालेल; आणि घरात ठेवणे अशक्य झाले तर मला अपराधी वाटून न घेता शुश्रूषागृहात ठेवा. बँकेचे आणि उपचारांचे निर्णय पुढे कोणी घ्यायचे, याचे अधिकारपत्रही तिने त्याच काळात करून ठेवले, कारण असा कागद करण्यासाठी तिला तो समजत असणे कायद्याने आवश्यक असते. आज मतभेद झाले की आम्ही तिच्या त्या शब्दांकडे जातो आणि पुष्कळ वाद तिथेच मिटतात. सांजसावली, तुमच्या सासूबाईंचा तो काळ कदाचित मागे पडला असेल. तरीही कोणाच्या हाताने त्या निवांत असतात आणि कोणाच्या आवाजाने दचकतात, हे त्या आजही दाखवत असतील, आणि तेही त्यांचे मतच आहे.

ओलावा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. एक भावंड काहीच करायला तयार नसेल तर काय करावे? माझ्या मोठ्या बहिणीने स्पष्ट सांगितले आहे की तिला आईला या अवस्थेत पाहवत नाही. ती ना येते, ना पाळी घेते. आम्ही दोघे उरलेले आता आईपेक्षा तिच्याविषयीच अधिक बोलतो.

कवडसा

ओलावा, तुमच्या शेवटच्या वाक्यात तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. प्रत्येक कुटुंबातील जुने हिशेब आजारपणात वर येतात. कोणाला आईने अधिक जवळ केले, कोणाला शिकवले, कोण लहानपणी दूर राहिले, हे सगळे पाळ्यांच्या तक्त्याआडून बोलत असते. हे हिशेब आईच्या हयातीत सुटतीलच असे नाही. म्हणून बहिणीकडे एकदा, स्पष्टपणे आणि आरोप न करता, एक नेमके काम मागा, आणि ते आईला समोर पाहावे लागणार नाही असे असू द्या: खर्चाचा हिशेब ठेवणे, दिवसा देखभाल करणाऱ्या केंद्रांची चौकशी करणे, मदतनीस आली नाही तर दुसरी शोधणे. तिने नकार दिला तर उरलेल्या दोघांना आणि बाहेरच्या मदतीला किती झेपेल तेवढीच व्यवस्था आखा. जी येणार नाही तिच्या वाट्याची जागा तक्त्यात रिकामी ठेवली, तर ती जागा रोज नव्याने दुखवते.

काहींना खरोखरच पाहवत नाही, हेही लक्षात असू द्या. माणूस समोर असतो आणि तरी तो हरवत चाललेला असतो. अशा दुःखाला पॉलिन बॉस या अभ्यासिकेने 'संदिग्ध वियोग' म्हटले आहे, कारण त्याला मृत्यूसारखी निश्चित तारीख नसते आणि शोक करायला कोणी सवडही देत नाही. काही जण या दुःखात कामाला भिडतात, काही दूर पळतात. तुमच्या बहिणीची वागणूक तुमचा भार वाढवते, हे खरेच आहे, आणि त्यावर राग येणे रास्त आहे. तिला दुःख नाही असा मात्र त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दूरस्थ

पैशांविषयी लिहायचे राहिले होते. ज्याने नोकरी सोडली किंवा तास कमी केले, त्याचे बुडालेले उत्पन्न हा काळजीचा खर्च आहे आणि तो हिशेबात लिहिला जावा. औषधे, डायपर, मदतनीस यांचे खर्च पावतीसह दिसतात, म्हणून त्यांची वाटणी होते. बुडालेल्या पगाराची पावती नसते. आमच्या भावजयीने कामाचे तास निम्म्यावर आणले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी दर महिन्याला ठराविक रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचे ठरवले. तिला प्रथम हे विचित्र वाटले. 'मी पैशांसाठी करते का?' असे तिने विचारले. करीत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिच्या म्हातारपणाची तरतूद आमच्या आईच्या आजारपणात संपू नये, असे आम्ही तिला सांगितले.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. नणंद हा धागा वाचते आहे, आणि पाणवठा यांच्या सूचनेप्रमाणे बैठकीच्या आधी ती आईंसोबत दोन दिवस एकटी राहायला तयार झाली आहे. आंघोळीची पद्धत मी तिला लिहून देणार होते. तिने सुचवले की तू घालत असताना मी शेजारी उभी राहते, मग पुढच्या वेळी मी घालते आणि तू दाराबाहेर थांब, आणि तिसऱ्या वेळी तू घरातच थांबू नकोस. हे मला लिहून देण्यापेक्षा चांगले वाटते.

दिरांशी यजमान बोलले. त्यांनी औषधे आणि डॉक्टरांच्या भेटी हे खाते पूर्णपणे स्वतःकडे घेण्याचे मान्य केले आहे. गोळ्या डबीत भरण्याचे काम अर्थातच घरात राहणाऱ्यानेच करावे लागेल. ते माझ्याऐवजी यजमान करतील. आईंना आता घरे बदलायला लावायची नाहीत, हेही फोनवरच ठरले. रात्रींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या दोन-तीनदा उठतात आणि दाराकडे जातात. आळीपाळीने जागायचे, की रात्रीपुरती मदतनीस ठेवायची, याबाबत आमच्यात मतभेद आहेत.

जुनेपान

रात्रीसाठी मदतनीस ठेवा, आणि पहिल्या काही रात्री घरातील एकाने तिच्यासोबत जागे राहा, म्हणजे अंधारात परका चेहरा पाहून सासूबाई घाबरणार नाहीत. जमल्यास तिने दिवसाउजेडीही त्यांच्यासोबत थोडा वेळ घालवावा. दारावर उघडताच वाजणारा सेन्सर बसवून घ्या, आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, कारण पुष्कळदा त्या दाराकडे जातात त्या लघवीला जागा शोधत असतात. झोप फारच मोडत असेल तर ते दिरांनी डॉक्टरांच्या पानावर लिहावे. दुपारची लांबलेली झोप, वेदना किंवा एखाद्या गोळीची वेळ हेही कारण निघू शकते. झोपेची गोळी कोणीही आपल्या मनाने देऊ नये, तिने पडण्याचा आणि गोंधळ वाढण्याचा धोका असतो. मदतनीस आली तरी रात्री काही झाले तर तिने कोणाला उठवायचे, ते नाव आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आठवड्यातल्या निम्म्या रात्री तरी ते नाव तुमचे नसावे.